चार बोटं उजवीकडे

निवडीचं पत्र आलं तेव्हा शलाका चामराजपेटच्या घरी, पुढच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. एप्रिलची दुपार होती. फोन नुसता थरथरला. तिने पत्र उघडलं, पहिली ओळ वाचली आणि सुई कापडात तशीच खोचून उठून उभी राहिली.

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात जुलैमध्ये तीन आठवड्यांचा एक उन्हाळी डिझाइन अभ्यासक्रम होता. विषय असा, की ज्यांचं शरीर त्यांना पूर्ण साथ देत नाही अशा माणसांसाठी रोजच्या वापराच्या वस्तू कशा करायच्या. परदेशांतून चोवीस मुलं घेणार होते. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा भार त्यांचाच. शलाका बेंगळुरूच्या एका डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. आपलं नाव लागेल असं तिला वाटलं नव्हतं, पण अर्ज मात्र केला होता.

मशीन थांबवून आई, भाग्यलक्ष्मी, तिच्याकडे बघत राहिली. झालं का, असं तिने विचारलं. शलाकाने नुसती मान हलवली. आईने पदराने तोंड पुसलं आणि आतल्या खोलीत जाऊन आत्तीला सांगितलं. संध्याकाळी अप्पा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आले ते धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊनच. कंपनीच्या बसमधल्या सगळ्यांना त्यांनी येतायेताच सांगून टाकलं होतं. गल्लीतल्या दोन-चार घरांत पेढे गेले. शेजारच्या हयवदन मास्तरांनी शलाकाला बोलावून पोर्तुगालची राजधानी विचारली आणि तिने उत्तर दिल्यावर समाधानाने पेढा तोंडात टाकला.

पत्रातला दुसरा परिच्छेद मात्र तिने कुणालाच वाचून दाखवला नाही. त्यात लिहिलं होतं, की अर्जासोबतच्या तीन कामांपैकी एका हाताने घालता येईल असं जे ब्लाउज तुम्ही डिझाइन केलं आहे, त्याने निवड समिती विशेष प्रभावित झाली.

ते ब्लाउज शलाकाने डिझाइन केलेलं नव्हतं.

ते आईने केलं होतं, आत्तीसाठी. आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण, यल्लव्वा. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती निपाणीहून भावाकडे आली. पुढे बावीस वर्षं तिने बेंगळुरूत बसमध्ये कंडक्टर म्हणून काम केलं. सिटी मार्केटच्या गर्दीत नुसत्या आवाजावर माणसं मागे सरकवणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ड्युटीवर असतानाच तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, उजवा हात मात्र आला नाही. इस्पितळात असताना ती एकदाही रडली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी भाग्यलक्ष्मी तिच्या झंपराचे हुक लावत होती, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. ब्लाउजला त्या घरात झंपरच म्हणायचे. गाऊन घालायला ती तयार नव्हती. लुगडं एका हाताने कसंबसं गुंडाळायला ती शिकली, पण झंपर जमेना. हुक लावताना कापड एका बाजूने धरून ठेवायला दुसरा हात लागतो, आणि तो नव्हता.

भाग्यलक्ष्मीने सहा महिन्यांत सात झंपरं शिवली. वेल्क्रो लावून बघितलं. ते लुगड्याचे धागे ओढायचं, आणि त्याचा चर्र आवाज आत्तीला सहन व्हायचा नाही. शेवटी तिने झंपराच्या उजव्या भागाला खाली एक लांब पट्टी जोडली. ती परकराच्या नाडीत खोचली की कापड जागचं हलत नसे. मग डाव्या हाताने दुसरा भाग ओढून आणायचा आणि पँटला लावतात तसे मोठे, चपटे हुक अडकवायचे. उघडी बाजू मधोमध नव्हती, चार बोटं उजवीकडे होती. ते आठवं झंपर आत्तीने पहिल्याच दिवशी दार लावून, एकटीने घातलं. बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि ती कुणाशी काही न बोलता चहा प्यायला बसली. त्या दिवसापासून तिचं ती घालू लागली.

अर्जाला तीन कामं हवी होती. शलाकाकडे दोन होती, सिटी मार्केटच्या बसथांब्यासाठी केलेल्या पाट्या आणि घडी होणारी भाजीची टोपली. फेब्रुवारीत, मुदत संपायला एक दिवस राहिला असताना तिने आत्तीच्या झंपराचे फोटो काढले, मापं घेतली आणि सुरेख आकृत्या केल्या. खाली इंग्रजीत मजकूर लिहिताना ‘मी माझ्या आत्यासाठी हे डिझाइन केलं’ असं लिहिलं गेलं. लिहिताना तिला ते खटकलं होतं, नाही असं नाही. पण घरातलंच तर आहे, आपणच तर कागदावर आणलं, आणि नाहीतरी कुठे नंबर लागणार आहे, असं म्हणून तिने अर्ज पाठवून दिला.

पत्रानंतर चार दिवसांनी अभ्यासक्रमाच्या प्रमुख, तेरेझा नावाच्या प्राध्यापिका, तिच्याशी व्हिडिओवर बोलल्या. पन्नाशीच्या असतील. बोलणं अगदी आपुलकीचं होतं. त्यांनी कॉलेजबद्दल, घराबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, एक गोष्ट मला फार कुतूहलाची वाटली. उघडी बाजू मध्यभागी नाही, उजवीकडे सरकवली आहे. असं का केलं?

शलाकाला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. तरी तिच्या तोंडून उत्तर गेलं, की साडीचा पदर तिथे येतो, त्यामुळे हुक झाकले जातात आणि दिसायला नीट दिसतं. तेरेझांनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की पहिल्या दिवशी अभ्यासक्रमाची सुरुवात तुझ्यापासून करू या. तू सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं या ब्लाउजविषयी बोल.

हो, असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी, आई खडूने कापडावर रेषा मारत असताना, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, आत्तीच्या झंपराला हुक मधोमध का नाही ठेवलेस?”

“ठेवले होते की आधी. पहिल्या झंपरांना मधेच होते. तिचा हात तिथं जाईचना.”

“मग?”

“मग आठ दिवस शिवणं बंद केलं आणि नुसतं बघितलं.” आई खडू ठेवून उभी राहिली आणि आपल्या पोटावर, जरा उजव्या बाजूला, डाव्या हाताची बोटं टेकवली. “टीव्ही बघताना, बसल्या बसल्या डुलकी लागली तरी, तिचा डावा हात इथं यायचा. कंडक्टरची बॅग इथं असायची न्हवं? उजव्या हाताने दांडा धरायचा आणि डावा बॅगेत. बावीस वर्षं. तिथं तिला डोळ्यांनी बघावं लागत नाही. म्हटलं, मग हुक तिथंच असू देत.”

एवढं सांगून ती पुन्हा रेषा मारायला लागली. आपण ढापलं ते नेमकं काय, हे शलाकाला त्या क्षणी कळलं. आकृतीत चार बोटांचं माप अचूक होतं. ती चार बोटं कुठून आली, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिथे तर तिने खोटंच सांगितलं होतं.

त्यानंतर आठवडाभर ती घरात असून नसल्यासारखी होती. व्हिसाचे कागद जमवत होती, बँकेत जात होती, पासपोर्टच्या झेरॉक्स काढत होती. अप्पा तिला रोज काहीतरी विचारत. तिथे थंडी असते का, भात मिळतो का. ती उत्तरं देत होती. जेवण मात्र जात नव्हतं. आईला वाटलं, मुलगी लांब जाणार म्हणून घाबरलीय. तिने लिंबू-मिरची ओवाळून टाकली.

रविवारी सकाळी आई भाजीला गेली होती आणि अप्पा अंघोळीला. आत्ती नेहमीसारखी खाटेवर बसून डाव्या हाताने मुगाच्या शेंगा सोलत होती. तिने शलाकाला जवळ बसायला सांगितलं.

“काय झालंय तुला?”

काही नाही, असं शलाका म्हणाली.

“बावीस वर्षं बघितलंय मी,” आत्ती म्हणाली. “दुसऱ्याच्या पासवर बसलेलं माणूस खिडकीबाहेर बघतं. तिकीट असलेलं माणूस बघत नाही. तू आठ दिवस झाले, खिडकीबाहेर बघायलीस.”

मग शलाकाने सगळं सांगितलं. सांगताना वर बघितलं नाही. आत्तीने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिने हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले आणि म्हणाली, की मला काय सांगतेस, जिचं आहे तिला आधी सांग. रागावली आहेस का, असं शलाकाने विचारलं, तर आत्ती म्हणाली, रागावली नाही, पण तू आईला सांगेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि खरंच, दुपारी आई येऊन स्वयंपाक, जेवणं होईपर्यंत ती बोलली नाही.

जेवणानंतर शलाकाने आईला सांगितलं. भाग्यलक्ष्मीला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली. एवढ्यासाठी जेवत नव्हतीस का, म्हणाली. झंपर मी शिवलं, चित्रं तू काढलीस, दोघींचंच तर आहे. आईचं ते लेकीचं. तू गेलीस म्हणजे मीच गेले. शलाका समजावत राहिली, की तिथे तसं नसतं, जिने डोकं चालवलं तिचं नाव असतं, मी ते लपवलं, ही चोरी झाली. आई म्हणाली की चोरी परक्या घरात होते. आणि तिने बजावलं, की आता कुणाला काही कळवायचं नाही, आलेलं कुणी परत पाठवतं का. मग ती मशीनवर बसली आणि जोरात मशीन चालवायला लागली.

शलाकाला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. आता ते ओझं आईच्याही माथ्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कामावर गेल्यावर भाग्यलक्ष्मी मशीनला तेल देत होती. पाठमोरीच होती. तिने विचारलं, “तिथं लोक विचारतात का, की हे कुणी केलं?”

“विचारतात.”

“आणि नाव सांगतात?”

“सांगतात. लिहितातसुद्धा.”

भाग्यलक्ष्मीने तेलाची कुपी खाली ठेवली, हात चिंधीला पुसले. “सव्वीस वर्षं शिवते मी. लोकांच्या लग्नाची शिवली, बाळंतिणींची शिवली. कुणी कधी विचारलं नाही. शिवून न्यायचं आणि जायचं, त्यात विचारायचं काय.” मग ती म्हणाली, “काल रागाने बोलले. खरं, रात्रभर तेच डोक्यात होतं. नाव सांगत असतील तर माझं सांग.”

शलाका उठली आणि आईच्या खांद्यावर तिने डोकं टेकवलं. त्या दोघींना अशी सवय नव्हती. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, सरी, बरं, आता लवकर कर काय करायचं ते, माझं मन बदलायच्या आत.

अप्पांना त्याच संध्याकाळी सांगितलं. अप्पा म्हणजे कल्लाप्पा, कमी बोलणारा माणूस. त्याने चप्पल काढता काढता सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाला, की मी सगळ्यांना सांगून बसलोय. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हातपाय धुऊन आला, जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, “नाही झालं, तर नाही झालं म्हणून सांगू. त्यात काय मोठं. व्हिसाची तारीख आहे ती ठेवायची की सोडायची, तेवढं बघ.”

मंगळवारी ती कॉलेजात श्रीरंग सरांना भेटली. सर मूळचे पुण्याचे, मारतहळ्ळीला राहायचे. तिच्या शिफारसीचं पत्र त्यांनी लिहिलं होतं. त्यांना सांगणं तिला सगळ्यात जड गेलं, कारण ते रागावले नाहीत. ते खुर्चीत मागे टेकून बसले.

“मला फेब्रुवारीत सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले. “तेव्हा एका मिनिटात सुटलं असतं. आता ते ॲडमिशन कॅन्सल करू शकतात, तुला कल्पना आहे ना?”

तिला कल्पना होती. तिने लिहून आणलेला मेल त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेन्सिलीने तीन ओळींवर काट मारली. म्हणाले, चार वेळा सॉरी लिहिलंयस, एकदा पुरे. स्वतःबद्दल कमी लिही आणि आईबद्दल नीट लिही. काय झालं, कुणी केलं, तू काय खोटं बोललीस, एवढंच. बाकी त्यांना ठरवू दे.

मग तिने तसं लिहिलं. आठ झंपरं, पट्टी, मोठे हुक. उघडी बाजू चार बोटं उजवीकडे का, त्याबद्दल मी तुम्हाला सांगितलं ते मी मनाने रचलं होतं, खरं कारण हे आहे, असं म्हणून कंडक्टरच्या बॅगेची सगळी हकिकत. डिझाइन करणाऱ्याचं नाव : भाग्यलक्ष्मी. सरांच्या टेबलाशेजारी उभी राहूनच तिने मेल पाठवला. सरांनी तिला कँटीनमध्ये नेऊन कॉफी पाजली आणि विषय बदलला.

उत्तर लगेच येईना. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिकडे कसली तरी सुट्टी होती, त्याला जोडून शनिवार-रविवार. पण एक चमत्कारिक गोष्ट झाली. शलाकाला झोप लागायला लागली. मेल पाठवला त्या दिवशी दुपारी घरी येऊन ती जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. बुधवारी सकाळी तिने चार डोसे खाल्ले. जाणं बहुतेक होणार नाही हे तिने मनात धरून टाकलं होतं, आणि वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण ते निव्वळ वाईट होतं. त्यात लपवायचं काही नव्हतं. आत्ती तिच्याशी पुन्हा भरपूर बोलायला लागली होती. तिने तिला जुन्या डेपोतल्या भांडणांच्या गोष्टी सांगितल्या.

सोमवारी दुपारी ती आत्तीला फिजिओथेरपीहून रिक्षाने परत आणत होती. चामराजपेटच्या पाचव्या मेन रोडवर कुणीतरी टेम्पो आडवा लावला होता आणि सगळं तुंबलं होतं. पर्समधला फोन थरथरला. तिने बघितलं आणि तो मांडीवर पालथा ठेवला.

“त्यांचं आहे?” आत्तीने विचारलं.

“हो.”

“मग वाच की.”

शलाकाने वाचायला सुरुवात केली, पण हॉर्नच्या आवाजात तिला शब्दच दिसेनात. आत्तीने काठी रिक्षाच्या पट्टीवर दोनदा आपटली आणि ड्रायव्हरला आपल्या जुन्या, बसमधल्या आवाजात सांगितलं, “अण्णा, स्वल्प बाजूला घे. पोरीला पत्र वाचायचंय.” बोलली मराठीत, पण तो बिचारा समजल्यासारखा खरोखरच रिक्षा एका गिरणीच्या सावलीला घेऊन थांबला.

पत्र मोठं होतं. तेरेझांनी लिहिलं होतं, की तुमचा मेल वाचून मला आधी राग आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून देणं ही आमच्याकडे गंभीर बाब आहे. समितीने तुमचा अर्ज त्या कामाशिवाय पुन्हा पाहिला. बसथांब्याच्या पाट्या आणि टोपली, एवढ्यावरही तुमचं नाव पहिल्या चोवीसांत येतं, अगदी खालून दुसरं. आम्हाला कळायच्या आधी तुम्ही स्वतः कळवलंत, हेही लक्षात घेतलं. तुमची जागा कायम आहे. पहिल्या दिवशीचं तुमचं भाषण अर्थातच होणार नाही. सुधारलेला अर्ज आठ दिवसांत पाठवा.

त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. तुमच्या आईंची हरकत नसेल, तर पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या विद्यार्थ्यांशी व्हिडिओवरून बोलावं अशी आमची इच्छा आहे. दुभाष्याचं काम तुम्ही करावं. माहितीपुस्तिकेत त्या कामाखाली त्यांचं नाव छापू. स्पेलिंग कळवा.

शलाकाने ते आत्तीला मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता तिला हुंदका आला. पहिल्यांदा हुंदका, मग हसू, मग दोन्ही एकदम. आत्तीने डाव्या हाताने तिची मान धरली आणि हलवली. रिक्षावाल्याने आरशातून बघून काळजीने विचारलं, की काय झालं, कुणी गेलं का. नाही नाही, आत्ती म्हणाली, कुणी गेलं नाही, पोरगी चाललीय. मग तिने त्याला सगळं कन्नडमध्ये सांगितलं, अगदी झंपरापासून, आणि टेम्पो हलून रस्ता मोकळा झाला तरी तो ऐकत थांबला.

घरी आल्यावर भाग्यलक्ष्मीने बातमी उभ्यानेच ऐकली. जागा राहिली म्हटल्यावर तिने डोळे मिटून देवाला हात जोडले. व्हिडिओचं ऐकल्यावर मात्र ती घाबरली. मला इंग्रजी येत नाही, मी काय बोलू, यल्लव्वा अक्कालाच बोलायला सांगा, ती गर्दीला सरावलेली आहे. अप्पांना फोन केला तेव्हा ते मशीनवर होते. त्यांनी दोनदा बरं, बरं म्हटलं. मग फोनवर नुसताच कारखान्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने ते म्हणाले, की आता पुन्हा पेढे आणायचे की नको. आण, असं आत्ती मागून ओरडली.

व्हिसा जूनमध्ये आला. जुलैच्या पहिल्या रविवारी पहाटे सगळे तिला विमानतळावर सोडून आले.

सोमवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे पोर्तोत सकाळी दहाला, पुढच्या खोलीत सगळी तयारी झाली होती. श्रीरंग सर मारतहळ्ळीहून मुद्दाम आले होते आणि त्यांनी आपला लॅपटॉप मशीनच्या टेबलावर मांडला होता. आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता. कल्लाप्पाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि तो दारात उभा राहून गल्लीतल्या लोकांना हाताने गप्प करत होता. भाग्यलक्ष्मी लग्नातलं लुगडं नेसली होती. तिच्याशेजारी यल्लव्वा, ताठ.

पडद्यावर तेवीस चेहरे दिसले. त्यांच्या कडेला शलाका उभी होती. तेरेझांनी भाग्यलक्ष्मीचं नाव घेतलं, हळूहळू, एकेक अक्षर जपून, तरी थोडं चुकीचंच. भाग्यलक्ष्मी आधी अडखळली. मग पलीकडून शलाका म्हणाली, “आई, मला सांगितलंस तसंच सांग.” आणि ती बोलायला लागली. वेल्क्रो का नको, ते सांगितलं. पट्टी किती लांब, ते टेप लावून दाखवलं. पाचव्या झंपराला काय चुकलं, ते सांगताना ती इतकी रंगली, की शलाकाला भाषांतरासाठी तिला दोनदा थांबवावं लागलं. बॅगेचं सांगताना तेरेझा लिहून घेत होत्या. मग यल्लव्वाने मुद्दाम चढवलेल्या कुडत्यावरून ते झंपर घालून दाखवलं. न बघता, समोर कॅमेऱ्याकडे नजर ठेवून, चार हुक. तिकडे टाळ्या वाजल्या, तेव्हा तिने बसमधल्यासारखा हात वर करून त्यांना थांबवलं.

मागच्या रांगेतल्या एका मुलाने, तो घानाचा आहे असं शलाकाने सांगितलं, विचारलं, की आधीची सात झंपरं आता कुठे आहेत, आम्हाला बघायला मिळतील का. भाग्यलक्ष्मी लाजली. ती म्हणाली, दोन फडकी झाली, एकाचं उशीचं कव्हर केलं, बाकीची पेटीत आहेत. ती सगळी पाठवता येतील का, असं तेरेझांनी विचारलं. फडकीसुद्धा, असं त्या म्हणाल्या. फडकी धुऊन पाठवते, असं भाग्यलक्ष्मी म्हणाली. शलाकाने ते इंग्रजीत सांगितलं आणि तिकडे हशा पिकला. शलाकाही हसत होती. तिचा चेहरा, आईला वाटलं, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा नीट दिसला.

तासाभराने सगळ्यांनी हात हलवले आणि पडदा काळा झाला. श्रीरंग सरांनी लॅपटॉप मिटला. कल्लाप्पाने पंखा लावला. दारातून एक बाई डोकावून विचारत होती, की माझं ब्लाउज झालं का. झालं नव्हतं. उद्या दुपारी या, असं भाग्यलक्ष्मीने तिला सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिली.

“जेवलात का कुणी?” यल्लव्वाने विचारलं.

कुणीच जेवलं नव्हतं. सकाळचं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, पातेल्यात तसंच होतं. कल्लाप्पाने ताटं मांडली, सरांनाही बसवलं, आणि गार झालेल्या भातावर लोणचं घेऊन चौघंजण पोटभर जेवली.